व्हिसाच्या खर्चाची वही: परदेशी निघालेल्या सीमाभागातल्या घरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या घरांचे परदेशी जाण्याचे हिशेब मी पाहतो, तेव्हा चूक बहुतेक एकाच जागी सापडते. व्हिसाची फी वहीत अगदी बरोबर लिहिलेली असते. ती कधी भरायची, कुठल्या खात्यातून भरायची आणि भरल्यावर त्या खात्यात किती रक्कम उरायला हवी, हे मात्र कुठेच नसतं. निपाणीच्या एका घरानं कोल्हापूरच्या नात्यातल्या मुलाचा कागद जसाच्या तसा उतरवून घेतला होता. त्यातली फी आदल्या वर्षीची, अर्जाचं केंद्र मुंबईचं आणि पैसे काकांच्या खात्यात. तिन्ही गोष्टी त्यांना लागू नव्हत्या. पुढचे टप्पे लिहिलेत त्याच क्रमानं करा. क्रम उलटला की दोनदा पैसे जातात.

हिशेबासाठी मी पौंड १२० रुपये, अमेरिकी डॉलर ९० रुपये आणि ऑस्ट्रेलियन डॉलर ६० रुपये धरलाय. तुम्ही त्या दिवसाचा दर घाला.

टप्पा १: वहीत तीन रकाने आखा

पहिला रकाना जाणाऱ्या पैशाचा. व्हिसा फी, आरोग्य अधिभार (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेपोटी व्हिसासोबत भरायची रक्कम), तपासणी, भाषांतर, प्रवास हे सगळं यात येतं. हा पैसा गेला की गेला.

दुसरा दाखवायच्या पैशाचा, म्हणजे तिथला खर्च झेपेल हे पटवायला व्हिसा अर्जासोबत दाखवायची रक्कम. हा तुमचाच असतो आणि तुमच्याच खात्यात राहतो, पण ठरावीक दिवस त्याला हात लावायचा नसतो.

तिसरा रकाना परत येऊ शकणाऱ्या पैशाचा. ब्रिटनचा अर्ज नाकारला गेला तर आरोग्य अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो टीसीएस हा कर आयकर विवरणपत्रातून परत मिळवता येतो. पण तो हातात यायला महिने लागतात, म्हणून आज तो खर्चच समजायचा.

इशारा: दुसऱ्या रकान्यातल्या पैशातून पहिल्या रकान्यातली फी भरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खात्यातली रक्कम एका दिवसासाठी जरी खाली गेली, तरी दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

टप्पा २: फीचा आकडा सरकारी पानावरून घ्या आणि शेजारी तारीख टाका

फी लागते ती अर्ज भरून पैसे देण्याच्या दिवशीची. प्रवेशपत्र आलं त्या दिवशीची नव्हे, आणि एजंटनं कागद दिला त्या दिवशीची तर नाहीच. म्हणून आकड्याशेजारी तो पाहिल्याची तारीख लिहायची, आणि अर्जाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहायचा.

फी किती वेगानं वाढते ते पाहा. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाची फी जून २०२४ पर्यंत ७१० डॉलर होती. १ जुलै २०२४ ला ती १,६०० झाली आणि १ जुलै २०२५ ला २,०००. म्हणजे वर धरलेल्या दरानं १,२०,००० रुपये. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये ४९० वरून ५२४ पौंडांवर गेला. तिथला विद्यार्थ्यांचा वार्षिक आरोग्य अधिभार फेब्रुवारी २०२४ मध्ये ४७० वरून ७७६ पौंड झाला. शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या) अल्पमुदतीच्या व्हिसाला जून २०२४ पासून ८० ऐवजी ९० युरो पडतात.

यातून एक कॅलेंडर तयार होतं. ऑस्ट्रेलियाची फी १ जुलैला बदलते, ब्रिटनची सहसा एप्रिलच्या सुरुवातीला. कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या फीचा आढावा एक वर्षाआड ३० एप्रिलला होतो. कागद तयार असतील तर या तारखांच्या आधी अर्ज करा. तारीख गाठायची म्हणून अर्धवट कागदांनी मात्र करू नका. वाढीत फरकाचेच पैसे जातात, नकारात पूर्ण फी जाते.

अमेरिकेच्या विद्यार्थ्याला दोन फी वेगवेगळ्या भराव्या लागतात. सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची) ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाची १८५ डॉलर, मिळून ५३५ डॉलर, म्हणजे ४८,१५० रुपये. मुलाखतीत नकार आला तरी दोन्ही परत येत नाहीत. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्यानं २५० डॉलरची आणखी एक फी मंजूर केली आहे. ती तुमच्या अर्जाच्या दिवशी लागू आहे का, हे पाहून मगच बेरजेखाली रेघ ओढा.

कॅनडाच्या अभ्यास परवान्याला १५० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांना ८५. फी कमी दिसते, पण राहण्याच्या खर्चापोटी एकट्या माणसाला २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, शिक्षणाची फी वेगळी. हा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा आहे. ज्या घरांनी जुन्या २०,६३५ वर हिशेब मांडला, त्यांना ऐनवेळी धावाधाव करावी लागली.

ब्रिटनचं एक पूर्ण उदाहरण

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा थांबून पाहू. अभ्यासक्रम एक वर्षाचा, म्हणून घरातले एका वर्षाचा अधिभार धरतात: ७७६ पौंड. पण व्हिसा एका वर्षाचा मिळत नाही. अभ्यासक्रमाच्या आधीचे काही दिवस आणि संपल्यानंतरचे चार महिने त्यात जोडलेले असतात. वर्षावरच्या या सहा महिन्यांच्या आतल्या तुकड्याला अर्धा अधिभार पडतो, ३८८ पौंड. एकूण १,१६४. त्यात एप्रिल २०२५ च्या दरानं ५२४ ची फी मिळवली की १,६८८ पौंड, म्हणजे २,०२,५६० रुपये. ही सगळी रक्कम अर्जासोबत एकाच बैठकीत भरावी लागते.

आता कार्डाचा खर्च. परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँका साधारण २ ते ३.५ टक्के जादा घेतात आणि त्या आकारावर जीएसटी लागतो. ३.५ टक्क्यांनी या रकमेवर सात हजारांच्या वर गेले. हा आकडा मला आजवर एकाही वहीत लिहिलेला दिसलेला नाही.

पर्यायी सेवा वेगळ्या ठेवा. ब्रिटनचा निर्णय लवकर हवा तर ५०० पौंड, त्याहून लवकर हवा तर १,००० पौंड. वेळेत अर्ज करणाऱ्याला याची गरज नाही. केंद्रावरचा खास कक्ष, मोबाईल संदेश, छायाप्रती याही ऐच्छिकच असतात, आणि त्यांनी निकालात काडीचाही फरक पडत नाही.

तपासा: कुटुंब सोबत नेण्याचा खर्च धरला असेल, तर आधी परवानगी आहे का ते पाहा. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या, संशोधनाच्या नसलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ब्रिटनमध्ये जोडीदार किंवा मुलं नेता येत नाहीत.

टप्पा ३: कागदपत्रं, आणि सीमाभागाच्या खास अडचणी

आपल्याकडे एकाच माणसाचे कागद तीन भाषांत असतात. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, जमिनीचा उतारा आणि पंचायतीचा दाखला कन्नडमध्ये, पदवी इंग्रजीत. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं. ब्रिटनसाठी त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा. दर पानागणिक असतो, म्हणून आधी देशाची यादी वाचा आणि मागितलेल्या कागदांचंच भाषांतर करा. पंचवीस पानांचे जमिनीचे उतारे भाषांतरित करून आणलेली घरं मी पाहिली आहेत. त्यातलं एकही पान कुणी मागितलं नव्हतं.

नावाचा घोळ याहून मोठा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरं, महाराष्ट्रातल्या पदवीवर आडनाव आधी आणि मध्ये वडिलांचं नाव, पासपोर्टवर तिसराच क्रम. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. फरक नुसता क्रमाचा असेल तर सहसा प्रतिज्ञापत्रावर भागतं. स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल, तर मूळ कागदच दुरुस्त करून घ्यावा लागतो आणि त्यात महिने जातात. नवा पासपोर्ट काढायची वेळ आली तर ३६ पानी पुस्तिकेचे १,५०० रुपये, तात्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये.

गावाच्या नावाची भीती मात्र बाळगू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं अधिकृत नाव बदललं, त्यामुळे जुन्या कागदांवर एक आणि नव्यावर दुसरं असतं. त्यासाठी सगळे कागद बदलून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पासपोर्टवर जे जन्मस्थळ छापलंय तेच अर्जात भरा.

अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) किंवा साक्षांकन लागत असेल तर एक नियम लक्षात ठेवा: कागद ज्या राज्यानं दिला, पडताळणी त्याच राज्यात. दहावी बेळगावात आणि पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असेल, तर एक कागद कर्नाटकाच्या वाटेनं जातो, दुसरा महाराष्ट्राच्या. दोन फेऱ्या, दोन खर्च. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं आहे. त्याआधी शिकलेल्यांना गुणपत्रिकेच्या अधिकृत प्रतींसाठी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात जावं लागतं, तो प्रवासही धरा. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी कागदामागे ५० रुपये आहे. त्यावरचे हजारो रुपये मधल्या सेवेचे असतात, ते किती हे आधी विचारून घ्या. आणि ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला अपोस्टिल लागतच नाही.

जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांनी एपीएस प्रमाणपत्राचे (आपले शैक्षणिक कागद खरे असल्याची जर्मनीसाठीची पडताळणी) १८,००० रुपये पहिल्या रकान्यात, आणि अडकवून ठेवायच्या खात्यातले वर्षाचे ११,९०४ युरो दुसऱ्या रकान्यात लिहावेत. एपीएसला वेळ लागतो, त्यामुळे ते इतर कागदांच्या कितीतरी आधी सुरू करा.

तपासा: वैद्यकीय तपासणी त्या देशानं नेमलेल्या ठिकाणीच. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्यांची क्षयरोग तपासणी यादीतल्या केंद्रातच व्हावी लागते. घराजवळच्या दवाखान्यातला एक्स-रे कितीही चांगला असला तरी चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून फार आधीही करू नका.

टप्पा ४: दाखवायचा पैसा योग्य बँकेत, योग्य नावावर, वेळेत आणा

आपल्या भागात पैसा बँकेत कमी आणि पतसंस्थेत, सौहार्द सहकारीत, मल्टिस्टेट सोसायटीत जास्त असतो. व्याज बरं मिळतं, माणसं ओळखीची असतात. पण व्हिसासाठी ही ठेव धोक्याची आहे. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे संस्था नियामकाच्या देखरेखीखालची हवी, तिच्या नोंदी संगणकीकृत हव्यात आणि त्यांची पडताळणी करता यायला हवी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. म्हणून अर्जाच्या किमान तीन महिने आधी ठेव मोडून पैसा राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आणा. मुदतीआधी मोडल्यामुळे जे व्याज बुडेल ते पहिल्या रकान्यात लिहा. संस्थेला एवढी रक्कम एकदम देता येईल का, हेही आधीच विचारा. काही ठिकाणी हप्त्यानं मिळते.

दुसरी गोष्ट उसाच्या बिलाची. गाळप हिवाळ्यात चालतं, बिल हप्त्यांनी येतं आणि कधी लांबतं. सप्टेंबरच्या प्रवेशाला पैसा मात्र जूनमध्ये खात्यात हवा. येणाऱ्या बिलाच्या भरवशावर अर्जाची तारीख ठरवू नका. हातात आलेलंच धरा. सोनं किंवा जमीन विकून रक्कम एकदम जमा झाली, तर पावती आणि खरेदीखताची प्रत जोडून ठेवा. अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा खुलासा मागितला जातो.

तिसरी गोष्ट नावाची. एकत्र कुटुंबात पैसा काकांच्या किंवा मामांच्या खात्यात असतो आणि घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. ब्रिटनच्या विद्यार्थ्याला मात्र स्वतःचं किंवा आईवडिलांचं खातं लागतं, नाहीतर कायदेशीर पालकाचं. आईवडिलांचं खातं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोडायचं. जन्मदाखल्यावरचं वडिलांचं नाव बँकेतल्या नावाशी जुळतं का, ते आजच पाहा.

आता रक्कम. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, असा नऊ महिन्यांचा खर्च दाखवायचा. लंडनबाहेर १०,५३९ पौंड, म्हणजे १२,६४,६८० रुपये. त्यात विद्यापीठाची उरलेली पहिल्या वर्षाची फी मिळवायची. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवी. पैसा ५ जूनला जमा झाला तर २८ दिवस २ जुलैला भरतात. स्टेटमेंट त्यानंतरच काढा.

रुपयाचं पौंडात रूपांतर अर्जाच्या दिवसाच्या दरानं होतं. पौंड नुसता ३ रुपयांनी वाढला तरी वरच्या रकमेत ३१,६१७ रुपये कमी पडतात. म्हणून मी प्रत्येक घराला ७ टक्के जादा ठेवायला सांगतो. नेमकी रक्कम ठेवून २८ दिवस काढणाऱ्यांची मला काळजी वाटते.

शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्र हातात घेऊन बँकेला दोन प्रश्न विचारा: व्हिसा फी आणि अधिभार कर्जात धरलेत का, आणि धरलेत तर ते व्हिसाआधी मिळतील का? मंजुरी आणि पैसा यांत अंतर असतं. मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस लागत नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं तर लागतो. शिक्षणासाठी दर कमी आहे, इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के. म्हणून पाठवण्याचं कारण अर्जावर अचूक लिहा.

टप्पा ५: केंद्र आणि प्रवास

काही देशांना तुम्ही कुठल्या राज्यात राहता हे महत्त्वाचं असतं. जर्मनीसाठी कर्नाटकातला रहिवासी बंगळूरच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो, महाराष्ट्रातला मुंबईच्या. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, पण दोघांच्या वाटा वेगळ्या. ब्रिटनसाठी असं बंधन नाही, पुणे, मुंबई, बंगळूर यांतलं सोयीचं केंद्र निवडा. अमेरिकेसाठीही देशात कुठेही तारीख घेता येते, पण ठसे आणि मुलाखत या दोन वेगळ्या भेटी असतात. म्हणजे मुंबई, चेन्नई किंवा हैदराबादला किमान एक मुक्काम धराच.

बंगळूरची भेट सकाळची असेल तर आदल्या रात्रीच्या गाडीनं निघा. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली वंदे भारत बेळगावहून पहाटे सुटते पण दुपारी पोचते, ती सकाळच्या भेटीला उपयोगाची नाही. गाडी चार तास उशिरा आली तर काय, याचं उत्तर तयार ठेवा. भेट चुकली की तारीखही जाते आणि प्रवासही दुप्पट होतो.

टप्पा ६: पैसे भरण्याचा क्रम

पासपोर्ट आणि नावं दुरुस्त. मग परीक्षा आणि प्रवेश. मग दाखवायचा पैसा खात्यात. तो दिवस भरेपर्यंत भाषांतर आणि वैद्यकीय तपासणी. मग स्टेटमेंट, मग फी, आणि शेवटी भेटीची तारीख व प्रवासाचं तिकीट. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच.

फी देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून, शक्यतो स्वतःच्या कार्डानं भरा. आदल्या दिवशी कार्डाचा परदेशी वापर सुरू आहे का आणि दिवसाची मर्यादा पुरेशी आहे का ते बँकेच्या ॲपमध्ये पाहा. दोन लाखांची फी एक लाखाच्या मर्यादेवर अडकते आणि रविवारी बँकेत कुणी फोन उचलत नाही. फीचं खातं आणि दाखवायच्या पैशाचं खातं वेगळं ठेवा. यासाठी वेगळं बचत खातं उघडलं तरी चालेल, ते वाचवेल त्यापुढे किमान शिलकीची अट काहीच नाही.

इशारा: एजंट ‘सगळं मिळून’ एक आकडा सांगत असेल, तर सरकारी फी, केंद्राचा आकार आणि त्याचा मोबदला अशा तीन ओळी लिहून मागा. सरकारी फीची पावती तुमच्या नावावर आली पाहिजे. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांनी एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते पाहावं. नोंदणीकृत एजंटला सेवेपोटी कमाल ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. यूएईसाठी नुसतं अपोस्टिल पुरत नाही, दूतावासाचं साक्षांकन लागतं. ओमान, बहरीन आणि सौदीला अपोस्टिल चालतं.

टप्पा ७: दुसऱ्या अर्जाची तजवीज

पहिल्या रकान्याच्या बेरजेत १५ टक्के मिळवा. फीवाढ, दर आणि एखादी जादा फेरी त्यात बसते. त्याशिवाय एका पूर्ण फीएवढी रक्कम बाजूला काढा, आणि ती बाजूला निघत नसेल तर पहिला अर्जही करू नका, असं मी स्पष्ट सांगतो. नकार आल्यावर पंधरा दिवसांत व्याजानं पैसे काढून दुसरा अर्ज करणारी घरं पुढे दोन वर्षं त्या व्याजाखाली राहतात. नकाराचं पत्र आलं तर आधी कारण नीट वाचा. पैशाचं कारण असेल तर टप्पा ४ पुन्हा पूर्ण करा, २८ दिवस पुन्हा मोजा, आणि त्या दिवशीची फी सरकारी पानावर नव्यानं पाहा.